बातमी शिकणारी मुलगी

आपल्या वसतिगृहातली एक वारली मुलगी पत्रकारितेची पदविका करते आहे. "नर्सिंगला का नाही घातलं?" काहींनी विचारलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. पाड्यावरची बातमी मात्र आपण अजून बाहेरूनच लिहितो.

सुट्टीत तिने आपला जुना अंक वाचला. पाणीटंचाईवरचा लेख माझाच होता. म्हणाली, "ताई, यात विहिरीवरची एकही बाई बोलत नाही. तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

मी सरपंचांना विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वही घेऊन ती विहिरीवर गेली. हंडा भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून लिहिलं. बायकांची नावं विचारली, छापू का तेही विचारलं. ती बातमी या अंकात आहे. तिची पुढची फी जूनमध्ये भरायची आहे.