चेटकीण कोण ठरते?

श्रोतेहो, चेटकीण म्हटली की बालपणी ऐकलेल्या गोष्टींतील विद्रूप म्हातारी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु चेटकीण म्हणून ज्यांचे प्रत्यक्षात बळी गेले, त्या बहुतेक साध्यासुध्या शेजारणी होत्या. त्यांच्यावरच आळ का आला, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

युरोपात हे प्रकरण सुमारे 1450 पासून 1750 पर्यंत चालले. या तीनशे वर्षांत चाळीस ते साठ हजार माणसे या आरोपाखाली देहदंडास पात्र ठरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. आइसलंड, नॉर्मंडी अशा काही प्रांतांत मात्र पुरुषांचाच भरणा अधिक होता. हा अंधारयुगातील अडाणीपणा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हा काळ छापखान्याचा आणि नव्या ज्योतिर्गणिताचा होता. ग्रहगतीचे नियम शोधून काढणाऱ्या केप्लरची आई काथारिना हिच्यावरही 1615 साली हा आळ आला. तिने दिलेल्या पेयाने आपल्याला दुखणे जडले, अशी एका शेजारणीची तक्रार होती. काथारिना झाडपाल्याची औषधे देई, तोंडाने फटकळ होती, आणि नवरा तिला सोडून गेलेला होता. 1620 मध्ये सत्तरी उलटलेल्या त्या बाईस अटक झाली. चौदा महिने ती बेड्यांत होती. छळाची हत्यारे तिला दाखविण्यात आली, तरी तिने गुन्हा कबूल केला नाही. मुलाने कायद्याच्या मार्गाने झुंज दिली म्हणून 1621 मध्ये ती सुटली. पुढच्याच वर्षी वारली. ज्यांना असा पुत्र नव्हता, त्यांची गत काय झाली असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

आता कारणे पाहू. गाय आटते, मूल दगावते, गारांनी पीक झोपते. त्या शतकांत थंडी वाढून पिके वारंवार बुडत होती. दुःखाला कारण हवे असते आणि कारणाला एखादा चेहरा. इंग्लंडातील खटल्यांचा अभ्यास करणाऱ्या कीथ टॉमस या इतिहासकाराने एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. गरीब म्हातारी दारी येऊन थोडे दूध किंवा लोणी मागते. घरधनीण तिला विन्मुख पाठविते. म्हातारी पुटपुटत जाते. थोड्याच दिवसांत घरात आजारपण येते, आणि घरधनिणीच्या मनाला लागलेली टोचणी त्या म्हातारीवरील संशयाचे रूप घेते. म्हणजे अन्याय जिने सोसला तीच अपराधी ठरते!

तथापि केवळ संशयाने चिता पेटत नाही. जर्मनीतील बांबर्ग, वुर्त्सबुर्ग अशा ठिकाणी छळ करून साथीदारांची नावे वदवून घेत. एका कबुलीतून दहा नवे आरोपी निघत, आणि अखेर नगरशेठही त्यातून सुटले नाहीत. उलट स्पेनमध्ये सालाझार नावाच्या न्यायाधीशाने पुराव्याचा आग्रह धरला, तेव्हा 1614 नंतर तेथील धर्मन्यायालयाने असे खटले जवळजवळ थांबविले. भोळी समजूत दोन्हीकडे होती. भेद होता तो न्यायासनावर बसलेल्यांच्या विवेकात.

आपल्याकडे काय आहे? सातपुड्यातील भिल्ल वस्तीत तिला डाकीण म्हणतात, ठाणे-पालघरकडे भुताळी. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने शेजाऱ्याकडे बोट दाखविले जाते. आजाराचे मूळ कोण, हे भगत किंवा देवऋषी सांगतो, आणि तो बहुधा तेच नाव घेतो, जे लोकांच्या मनात आधीच घोळत असते. विधवा, निपुत्रिक, भावकीच्या डोळ्यांत खुपणारा जमिनीचा तुकडा जिच्याकडे आहे अशी स्त्री पुष्कळदा या कचाट्यात सापडते. युरोपात न्यायालयाने शिक्षा दिली. येथे गावच न्यायाधीश बनते. मारहाण, धिंड, बहिष्कार, आणि कधी प्रत्यक्ष प्राणहानी!

या प्रथेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच शासनाने वटहुकूम काढला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटविते, असा संशय पसरवून तिचे जगणे कठीण करणे, हा त्यान्वये गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास, आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. इंग्लंडच्या खेड्यातले दूध आणि आपल्या कायद्यातले दूध, दोन्ही एकच आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानी आले असेलच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारी टापूत राहणाऱ्यांना वाटेल की हा प्रश्न दूरच्या डोंगराचा आहे. पण येथील यंत्रांवर काम करणारे हात मराठवाड्यातून, खानदेशातून, तसेच झारखंड-ओडिशातूनही आलेले आहेत. नव्या यंत्रापुढे नारळ फोडला, मालमोटारीला लिंबू-मिरची बांधली, तर त्यात कोणाच्या जिवाला धोका नाही. धोका उत्पन्न होतो तो संकटाला शेजारच्या माणसाचे नाव चिकटते तेव्हा. "पोर आजारी आहे, भगत म्हणतो, थोरल्या काकूनेच केले, पैसे पाठव," असा निरोप गावाहून आला, तर पैसे पाठविणाऱ्याच्या शब्दाला गावात वजन असते. मुलाला दवाखान्यात न्या, आणि काकूच्या अंगाला हात लागला तर मी पोलिसांत जाईन, असे त्याने ठणकावून सांगितले, तर त्या काकूचे प्राण वाचू शकतील.

सुशिक्षित घरांनीही स्वतःकडे पाहावे. अपशकुनी सून, पांढऱ्या पायाची मुलगी, हळदीकुंकवाला न बोलावलेली विधवा, ही त्याच शिडीची खालची पायरी आहे. कायदा वरच्या पायरीवर हात घालतो. खालची आपल्याच घरात असल्याने ती मोडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.