गाडी गरम झाली की बंद पडते



आज आपण मोटारीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आम्ही हेडमास्तर होतो, मिस्त्री नव्हतो, हे खरे. शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक, एवढेच. पण लोहचुंबकाचा पाठ आम्ही तीस वर्षे शिकवला, आणि गाडीचा हा आजार शेवटी त्याच पाठात सापडला. आपल्या वर्गात चारपाच जण ड्रायव्हर आहेत. त्यांच्या हे कामाचे आहेच. बाकीच्यांनीही ऐकावे; गाडीत आपण सगळेच बसतो.

झाले असे. आपल्या वर्गातल्या एका भावाने जुनी पेट्रोल गाडी घेतली, २००३ सालची. कर्ज काढून घेतली. ते इथेच बसले आहेत, नाव घेत नाही. गेल्या वैशाखात आम्ही त्यांच्या गाडीने वाईहून पाचगणीकडे निघालो. बरोबर आमच्या वहिनी होत्या, डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले, पट्टी बांधलेली. पसरणी घाटात अर्ध्यावर आलो आणि एका वळणावर गाडी एकदम गप्प झाली. ना धक्का, ना आवाज. मागून एसटी येत होती. गाडी मागे सरकायला लागली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बंद पडले की ब्रेकला इंजिनाची जी मदत असते ती जाते. पहिले एकदोन दाब नेहमीसारखे लागतात, पुढे पेडल दगडासारखे होते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा दाबू नये. एकदाच जोराने दाबून धरावा आणि हँडब्रेक ओढावा. आमच्या भावाने तेच केले. आम्ही उतरून चाकामागे धोंडा लावला. एसटीवाला थांबला, देव पावला.

अर्ध्या तासाने चावी फिरवली, तर गाडी चालू! जणू काही झालेच नव्हते. आमचे भाऊ म्हणाले, "गुरुजी, तीन महिने असंच चाललंय. गार असली की गाय, गरम झाली की अडेल म्हैस."

ह्या तीन महिन्यांत काय केले ते ऐका. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले. मग कॉइल बदलली. मग म्हणाले पेट्रोलचा पंप गेला, तोही बदलला. सगळे मिळून साडेआठ हजार गेले. हप्ता थकला. आजार होता तिथेच.

आता गाडीच्या पोटात काय चालते ते बघू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि प्लग ठिणगी टाकतो. ही ठिणगी अगदी नेमक्या वेळी पडावी लागते. दट्ट्या वर पोचायच्या किंचित आधी पडली तर जोर मिळतो. भलत्या वेळी पडली तर इंजिन ठोकते, नाही तर मरते. जुन्या अँबॅसिडर, पद्मिनी ह्या गाड्यांत वेळ पाहण्याचे काम पॉइंट करीत. दोन टोके चिकटत आणि सुटत. सुटली की ठिणगी पडे. मधली फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवायची. टोके जळली की ड्रायव्हर पॉलिश पेपरने घासून पुढे जाई. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आम्ही तिच्या कितीतरी आधी झालो.)

धुराचे नियम २००० सालापासून कडक होत गेले, तसे पेट्रोल फवारणारे कॉम्प्युटरचे इंजिन सगळीकडे आले. पॉइंट गेले. आता वेळ कोण बघतो? एक सेन्सर बघतो. शाळेत घड्याळाकडे बघून शिपाई घंटा देतो ना, तसा हा शिपाई. कॉम्प्युटर हा हेडमास्तर. शिपाई झोपला तर हेडमास्तर कितीही हुशार असो, शाळा भरत नाही.

सेन्सर म्हणजे काय? अंगठ्याएवढी वस्तू. आत एक लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. समोर क्रँकशाफ्टबरोबर फिरणारे दात्यांचे चक्र. आमच्या भावाच्या गाडीत ६० दात्यांची जागा आहे, पण दोन दाते मुद्दाम ठेवलेले नाहीत, राहिले ५८. दाता समोरून गेला की तारेत विजेची छोटी लाट उठते. जिथे दोन दाते नाहीत तिथे लाट चुकते, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो की दट्ट्या कुठे आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे २,९०० दाते मोजायचे. पाटीवर गुणाकार करून बघा.

आणि गंमत अशी. सेन्सरकडून लाट आली नाही, तर कॉम्प्युटरला वाटते इंजिन फिरतच नाही. मग तो ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलचा पंपही थांबवतो. गॅरेजवाल्याने पाहिले, पंप बंद आहे; लगेच म्हणाला, पंप गेला. बिचारा पंप धडधाकट होता. त्याला हुकूमच येत नव्हता.

मग गरम झाल्यावरच का बंद पडते? आतली तार कुठेतरी तुटायला आलेली असते. तापली की टोके दूर होतात, निवली की पुन्हा भेटतात. आमच्या भावाने गाडी गॅरेजला नेली ती दर वेळी सकाळी, गार असताना. ताप उतरल्यावर वैद्याकडे गेलो तर वैद्य काय बघणार?

आम्ही सांगितले, पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हाच तपासू. चार दिवसांत पडली, सुदैवाने सपाट रस्त्यावर. बॉनेट उघडले. सेल्फ मारताना आकड्यांचा काटा जागचा हलेना; हीही एक खूण असते. मग चावी काढून घेतली, सेन्सरची जोडणी सोडवली आणि दोन टोकांना मीटर लावले. पुस्तिकेप्रमाणे काहीशे ओहम दिसायला हवे होते. मीटर म्हणाले, तार तुटली. सेन्सरवर ओले फडके ठेवले, दहा मिनिटांनी आकडा परत आला आणि गाडी चालू झाली. सापडला चोर! मात्र ही ओहमची तपासणी दोन तारांच्या सेन्सरला चालते. तीन तारांचा एक वेगळा प्रकार असतो, त्याला हे मीटर असे लावू नये. आणि चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावायचा नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात.

नवा सेन्सर आणायला दोघे गेलो. दुकानदाराने डबी पुढे केली. आमच्या भावाने जुन्या सेन्सरवरचा नंबर वाचला, डबीवरचा वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर, आणि म्हणाले, "शेवटचा आकडा येगळा हाय." दुकानदार म्हणाला, "एकच असतो हो." आम्ही दोन्ही शेजारी धरले. नव्याचे तोंड थोडे लांब होते. चक्र आणि सेन्सर ह्यांत फट असते फक्त मिलिमीटरभर. तो बसवला असता तर दाते लागून फुटला असता. आखूड असता तर लाट इतकी दुबळी उठली असती की सेल्फ मारून गाडी उठलीच नसती. बरोबर नंबरचा दुसऱ्या दिवशी मिळाला, बाराशे रुपयांना.

बसवण्याचे काम अर्ध्या तासाचे. इंजिन गार होऊ द्यावे. बॅटरीची वजा बाजूची वायर काढावी. खालून काम असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत शिरू नये, लोखंडी स्टँड लावावा, चाकांना धोंडे लावावेत. जोडणीची चाप जुनी होऊन ठिसूळ होते. चाप दाबून सोडवावी, वायर ओढू नये. मग एकच बोल्ट. सेन्सर भोकात चिकटलेला असतो. गंजावरचे तेल सोडावे, थोडे थांबावे, आणि हलके पिळत काढावा. हातोडा नको; अर्धा आत तुटून राहिला तर कामाचा दिवस जातो. भोक पुसावे. चुंबकाला लोखंडाचा कीस लागतो, तो भोकाभोवतीही असतो. नव्याच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावावे, बोल्ट बेताने आवळावा. वायर पूर्वीच्याच वाटेने न्यावी, धुराच्या तापलेल्या नळापासून आणि पट्ट्यापासून लांब. घाईत ती लोंबती राहिली तर महिन्याभरात जळते.

दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, आमचे भाऊ एकटेच घाट चढून गेले. आम्ही येतो म्हणालो, तर नको म्हणाले. वरून फोन आला, "पोचलो, गुरुजी. वहिनींना सांगा." त्यानंतर वहिनींना तपासणीला त्यांनीच दोनदा नेले.

जुना सेन्सर इथे टेबलावर ठेवला आहे. मीटर आणले आहे, गरम पाण्याची किटलीही आहे. सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडू आणि आकडा कधी जातो ते बघू. या, पुढे या. मागच्यांनी बाकावर उभे राहिले तरी चालेल.