साभार परत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कथास्पर्धेच्या पारितोषिक वितरणप्रसंगी बेळगाव येथे केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त जी कथास्पर्धा झाली तिचे परीक्षण आमच्याकडे सोपविण्यात आले होते. एकंदर ४१ कथा आल्या. तिघांना बक्षिसे मिळाली. त्यांचे कौतुक आताच टाळ्यांच्या गजरात झाले. आम्हांला बोलावयाचे आहे ते उरलेल्या ३८ जणांशी. त्यांपैकी काही जण निकाल ऐकताच मागच्या दाराने निघून गेले, हे आम्ही येथून पाहिले. त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांच्या जागी आम्हीही तेच केले असते. हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे आहे असे चिटणीसांनी सांगितले आहे, तेव्हा ते त्यांच्या हाती पडेल एवढा भरवसा आहे.

मराठी लेखनव्यवहारात 'साभार परत' असे दोन शब्द आहेत. आभार कशाचे आणि परत का, याचा खुलासा त्यात नसतो. आम्ही ते प्रथम २००३ साली पाहिले. तेव्हा नुकतेच बी. एड. होऊन आम्ही शाळेत लागलो होतो. घरात दखनी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड अशा गावात वाढलेल्या आम्ही जी पहिली कथा लिहिली ती महाबळेश्वरची होती. तीत धुके होते, बंगला होता, आणि पियानो वाजविणारी एक उदास तरुणी होती. आम्ही तोवर महाबळेश्वर पाहिले नव्हते, आणि पियानो तर आजतागायत जवळून पाहिलेला नाही. दिवाळी अंकांत वाचलेल्या कथांवरून बेतलेली ती कथा होती.

पण पाठविली मात्र शिस्तीने. फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सुवाच्य अक्षरात. आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकिटे लावलेला लिफाफा. म्हणजे परतीच्या प्रवासाचे भाडे लेखकानेच आगाऊ भरावयाचे! सात आठवड्यांनी आमच्याच अक्षरातला तो लिफाफा दारात पडला. आत कथा आणि बोटभर लांबीची छापील चिठ्ठी.

आमचे अब्बा शिंपीकाम करीत. त्यांनी मशीन थांबवून विचारले, "माप चुकले की शिलाई?" आम्हांला सांगता येईना. ते म्हणाले, "गिऱ्हाईक कपडा परत आणतो तेव्हा कोठे टोचते ते तरी सांगतो." आम्ही चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, मागची बाजू कोरी होती.

दुसरी कथा आम्ही अब्बांच्या दुकानावर लिहिली. गणेशोत्सव तोंडावर आलेला, मंडपाचे पडदे शिवून द्यावयाचे, आणि हाताखालचा कारागीर तापाने पडलेला, अशी ती कथा. ती एका मासिकाकडून परत आली. या वेळी चिठ्ठीबरोबर एक ओळ होती, की तुमच्या समाजातील एखाद्या ज्वलंत प्रश्नावर लिहून पाठवा. आमच्या शिंप्यापुढे पडद्यांखेरीज दुसरा प्रश्न नव्हता. तो पुरेसा ज्वलंत नसावा. आणखी दोन ठिकाणांहून कथा नुसत्या छापील चिठ्ठीसह परतली. तेव्हा आमच्या मनात जे आले ते सांगावयास आज संकोच वाटत नाही. आम्हांला वाटले, कथा कोणी वाचतच नाही. नाव वाचतात आणि पाकीट मिटतात.

म्हणून आम्ही एक युक्ती केली. तीच कथा, एका अक्षराचाही बदल न करता, दुसरेच नाव आणि आडनाव घालून चौथ्या मासिकाकडे धाडली. पत्ता घरचाच दिला. तीन आठवड्यांत, म्हणजे आमच्या खऱ्या नावाला लागला त्याहून निम्म्या वेळात, ती परत आली. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून त्या परक्या नावाच्या माणसाची चौकशी करीत आला. कोणी सांगितले असा इसम येथे राहत नाही. कोणी सांगितले भाडेकरू असेल. शेवटी आम्ही पायऱ्या उतरून, मान खाली घालून, तो लिफाफा आमचाच असे कबूल केले. आमची पत्नी त्या दिवशी जी हसली, ती अजून अधूनमधून हसते.

नावाचा अडथळा कोणालाच कधी होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्वलंत प्रश्नाची ती ओळ आम्ही विसरलेलो नाही. हमीद दलवाईंचा 'लाट' हा कथासंग्रह १९६१ साली निघाला, आणि तरीही १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावेसे लोकांना वाटले. त्याला काही कारणे असतीलच. पण आमच्या त्या कथेपुरते बोलायचे तर दोष कथेत होता, आणि तो दाखविणारा माणूस पाचव्या खेपेला भेटला. त्या संपादकांनी छापील चिठ्ठीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिले होते: पहिली तीन पाने काढा, कथा चौथ्या पानावर सुरू होते.

आम्हांला राग आला. त्या तीन पानांत बेळगावचा पाऊस होता; तो आम्ही फार मन लावून पाडला होता. वर्षभर आम्ही त्या चिठ्ठीकडे पाहिले नाही. मग एका मे महिन्याच्या सुटीत पाने काढून वाचून पाहिली, आणि चौथ्या पानावर अब्बा मशीनवर बसलेले दिसले. पाऊस गेला तो गेलाच. ती कथा पुढे एका दिवाळी अंकात आली. मानधन नव्हते, अंकाची एक प्रत आली. अब्बा त्याच वर्षी रमजानच्या आधी गेले होते. माप चुकले होते की शिलाई, याचे उत्तर आमच्याजवळ आले तेव्हा विचारणारा राहिला नव्हता.

आपल्या भागातील माणसाला मुंबई-पुणे लांब वाटते. पण जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले, धारवाडात इंग्रजी शिकवीत राहिले, आणि त्यांच्या कथा 'सत्यकथे'त येत राहिल्या. 'निळासावळा' हा त्यांचा पहिला संग्रह १९५९ साली निघाला. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवीत लिहीत राहिले, ते २०२४ साली वारेपर्यंत. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुनःपुन्हा लिहावयास लावीत. त्यावर चिडणारेही होते. १९६९ साली तरुण लेखकांनी त्या मासिकाची होळी केली. आमचा तेव्हा जन्म झाला नव्हता, हे बरे. आमच्या पहिल्या तीन पानांच्या वेळी कोणी काडी दिली असती तर आम्ही ओढली असती. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तशी पत्रे लिहिणारे संपादक पुढे थोडेच उरले.

आज लिफाफ्याची कटकट नाही. कथा युनिकोडात टंकून ई-मेलने धाडता येते. रजिस्टर टपालसुद्धा २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. पण लिफाफ्याबरोबर ती छापील चिठ्ठीही गेली, आणि तिच्या जागी पुष्कळदा काहीच येत नाही. तीन महिने थांबावे, मग एकदा, एकदाच, विनयाने विचारावे. उत्तर नाही आले तर कथा आपली झाली असे समजून दुसरीकडे पाठवावी. मात्र एकाच वेळी दोघांकडे ठेवू नये, आणि ठेवलीच तर एकाने स्वीकारताच दुसऱ्यास त्याच दिवशी कळवावे. दिवाळी अंकाची कथा पावसाळ्याच्या आरंभी पोहोचली पाहिजे; गणपतीनंतर पाठविलेली कथा पुढल्या वर्षाची.

पुस्तक काढण्याची घाई असलेल्यांना एक सांगणे. कथासंग्रहाला कादंबरीइतके गिऱ्हाईक नसते, म्हणून प्रकाशक आधी विचारतो की यांतील कथा कोठे कोठे आल्या आहेत. जो काहीच न विचारता छपाईचा खर्च मागतो त्याला पैसे द्यावयाचे तर खुशाल द्यावेत, पण आपली कथा पसंत पडली अशी समजूत करून घेऊ नये.

आता एक गोष्ट आमच्या अपराधाची. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका विणकर घरच्या मुलीने मागावर कथा लिहिली. वीज गेली की घरातले चारही माग एकदम थांबतात आणि मग आई-बापांचे भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाते, एवढीच ती कथा. आम्ही वाचून इतके हरखलो की ती आमच्या हाताने उतरवून एका नियतकालिकाकडे धाडली, आणि मुलीला सांगून टाकले की छापून येणार. ती परत येऊ शकते, हे सांगावयाचे आम्ही विसरलो. आम्ही, ज्यांच्याकडे तशा चिठ्ठ्यांची चळत होती! लिफाफा शाळेच्या पत्त्यावर आला, कारण पत्ता आम्हीच तो दिला होता. आम्ही तासावर होतो. तो दुसऱ्या कोणी फोडला आणि शिक्षकांच्या खोलीत चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली. तांब्या भरून आणावयास आलेली ती मुलगी तेव्हा दारातच उभी होती. तिने त्यानंतर लिहिले नाही. आज ती चांगल्या नोकरीत आहे. बाजारात भेटली की वाकून नमस्कार करते, घरच्यांची विचारपूस करते, आणि कथेचा विषय निघण्याआधी रिक्षा थांबविते. ती वही तिने ठेवली की चुलीत घातली, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही.

म्हणून आपल्या चिटणीसांनी ४१ कथांचा गठ्ठा हाती दिला तेव्हा आम्ही मनाशी ठरविले की प्रत्येक कथा दोनदा वाचावयाची. पहिल्या दिवशी तसे केले. तिसऱ्या रात्री, चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर, एक कथा उघडली तर पहिल्याच परिच्छेदात सूर्योदय. त्या रात्रीचा तो पाचवा सूर्योदय होता. आम्ही दीड पान वाचले आणि कथा नापसंतीच्या ढिगात ठेवली. दिवा मालवल्यावर झोप येईना. कारण इतकी वर्षे ज्यांना आम्ही मनातल्या मनात दुष्ट, गर्विष्ठ, कानाने हलके ठरविले होते ते बहुधा रात्री अकरा वाजता पाचवा सूर्योदय वाचीत बसलेले असावेत. उठून पुन्हा दिवा लावला. त्या कथेत चौथ्या पानावर एक आजी रेशनच्या रांगेत आपली पिशवी ठेवून नमाजाला जाते, आणि परतेपर्यंत पुढची बाई ती पिशवी पायाने सरकवीत सरकवीत दुकानाच्या दारापर्यंत नेते. त्याहून चांगले पान त्या सगळ्या गठ्ठ्यात नव्हते. बक्षीस मात्र तिला देता आले नाही; एका पानाला बक्षीस देण्याची सोय नियमांत नव्हती. ज्याने किंवा जिने ती लिहिली त्याला आम्ही हे जाहीरपणे सांगत आहोत.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने कथा पाठविली आहे असे कळल्यावर दर आठवड्याला "आली का छापून?" असे विचारू नये. काय लिहिले ते एकदा वाचून दाखवावयास सांगावे.

आम्ही ३८ कथांवर प्रत्येकी एक चिठ्ठी लिहिली आहे. शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूसही. कोणती पाने काढावीत, कोठे कथा सुरू होते, कोणते पात्र उगाच आले आहे, ते लिहिले आहे. जेथे आम्हांला कळले नाही तेथे कळले नाही असे लिहिले आहे. हे लिफाफे वाचनालयातील खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, बंद करून. ते ज्याचे त्यानेच फोडावेत. येत्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे बसणार आहोत. ज्यांना आमचे म्हणणे पटणार नाही त्यांनी अवश्य यावे. तिघांनी कथेवर नाव घालावयाचे राहून गेले आहे. त्यांतील एक कथा रेशनच्या रांगेची आहे. त्यांनी आपापले अक्षर ओळखून लिफाफा न्यावा.