कागद कोण वाचून दाखवतं?

अंध मुलींबरोबर काम करताना मी एक प्रश्न हमखास विचारते. तुझ्या नावाचा कागद आला तर तो कोण वाचतं? उत्तर बहुतेक वेळा एकच : ‘घरचे’. बँकेचं पासबुक, डॉक्टरांचा रिपोर्ट, कोर्टाची नोटीस, सगळं आधी घराला कळतं, मग तिला. तेही सांगावंसं वाटेल तेवढंच.

छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र रेमंड कुर्झवाइल यांनी अमेरिकेत १९७६ साली आणलं. ते अवजड आणि महागडं होतं. आता तेच काम खिशातला फोन करतो. कागदाचा फोटो काढायचा, फोन अक्षरं ओळखून वाचतो. कागद चौकटीत आला की नाही, हेही काही अ‍ॅप बोलून सांगतात. आवाज जरा यांत्रिक. पण आमच्या मुली तो इतक्या वेगाने ऐकतात की डोळसांना एक शब्द कळू नये!

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीपुढे भावाने कागद ठेवला. ‘रेशनकार्डाचं काम आहे, अंगठा दे.’ ती म्हणाली, उद्या देते. रात्री कानात इअरफोन घालून तिने तो फोनकडून वाचून घेतला. हक्कसोडपत्र होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे, हे तिने शिबिरात ऐकलेलं होतं. तिने अंगठा दिला नाही. पुढे कित्येक दिवस घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही.

यंत्राचं कौतुक मात्र बेतानेच करू या. शिक्क्याखाली गेलेली ओळ, पुसट जोडाक्षरं, यात ते चुकतं. हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफारापुढे तर बहुधा हातच टेकतं. अशा कागदाला विश्वासातलं दुसरं माणूस हवंच, आणि ते कोण, हे तिने ठरवायचं.

शिवाय फोन कुणाचा? गेल्या शिबिरात कितीतरी मुली भावाचा, नाहीतर नवऱ्याचा फोन घेऊन आल्या होत्या. त्यांना कागदाचा फोटो कसा काढायचा हे शिकवलं, पण त्याआधी तो फोनमधून कसा पुसायचा ते शिकवलं.