गाण्याची शाळा आणि घर



बाहेरच्या फलकावर आजच्या व्याख्यानाचे नाव 'संगीतविद्यालये आणि समाज' असे लिहिले आहे. नाव भारदस्त आहे. पण मला बोलायचे आहे ते त्यातल्या एका साध्या गोष्टीविषयी. मूल गाण्याच्या शाळेत आठवड्यातून दोन तास, फार तर तीन तास असते. उरलेला सगळा वेळ ते घरी असते. मग गाणे शिकवणाऱ्याने त्या घराशी काही संबंध ठेवायचा की नाही?

जुन्या पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नसे. शिष्य गुरूच्या घरी राहायला जाई. पाणी भरी, बाजार करी, गुरूची मर्जी सांभाळी आणि मिळेल तेव्हा, मिळेल तेवढे गाणे पदरात पाडून घेई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, ती अशाच हालअपेष्टांतून मिळवलेली होती. आईबापांनी मुलगा एकदा गुरूच्या ओटीत घातला की त्यांचे काम संपले. पण त्या घरात गाणे सकाळपासून रात्रीपर्यंत कानांवर पडत असे, आणि शिकवलेल्यापेक्षा ऐकलेलेच पुष्कळदा अधिक मुरे.

शाळा निघाली आणि हे सगळे उलटे झाले. फी आली, वेळापत्रक आले, घंटा आली. तास संपला की मूल आपल्या घरी परत जाऊ लागले. पूर्वी शिष्याला गुरूच्या घरात शिरकाव करून घ्यावा लागे. आता गुरूलाच शिष्याच्या घरात शिरकाव करून घेणे भाग पडले. हे ज्याला प्रथम पुरतेपणी उमगले, त्या माणसाविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

विष्णू दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी शोभेच्या दारूने त्यांची दृष्टी अधू झाली आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. 1896 साली ते मिरजेतून बाहेर पडले, हिंदुस्थानभर हिंडले आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्याआधी गाण्याच्या शाळा निघाल्या नव्हत्या असे नाही. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांची गायनशाळा 1886 सालीच सुरू झाली होती. पण तिच्या पाठीशी सरकार होते, खजिना होता. लाहोरच्या शाळेच्या पाठीशी तसा कोणी राजा नव्हता. वर्गणी, फी आणि तिकीट लावून केलेले जलसे, एवढेच तिचे बळ. म्हणजे शाळा चालायची असेल तर गावाने ती चालवली पाहिजे. पहिले काही दिवस तिकडे कोणी फिरकलेच नाही आणि बुवा एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात.

का फिरकले नाही? भीती होती. गाणे म्हणजे माडी, गाणे म्हणजे व्यसन, गाणे म्हणजे मुलगा हातचा गेला, ही त्या काळच्या प्रतिष्ठित घरांची समजूत होती. ती वाद घालून जाणारी नव्हती, हे बुवांनी ओळखले. त्यांनी शाळेला शिस्त लावली. प्रार्थना आली, ठरलेला अभ्यासक्रम आला, परीक्षा आल्या. बापाला डोळ्यांनी पाहता येईल अशी ही व्यवस्था होती. आईसाठी भजन आले. कारण भजनाला नाही म्हणणारे घर पंजाबात काय आणि महाराष्ट्रात काय, सापडायचे कोठे? स्वरलिपीची पुस्तके छापली, म्हणजे शिकलेली चीज घरी नेता येऊ लागली. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक काढले. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग काढले आणि त्यांच्यासाठी म्हणून पुस्तकेही केली. मुलगी गाणे शिकते हे ज्या घरात लपवून ठेवीत, त्याच घरात ती पाहुण्यांपुढे गाऊ लागली. एवढा बदल एका पिढीच्या आत झाला, हे काही थोडे नाही.

तरी एक शाळा किती घरांपर्यंत पोहोचणार? म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. होतकरू मुलांना नऊ वर्षांच्या करारावर ठेवून घ्यायचे, जेवणखाण आणि शिक्षण शाळेने द्यायचे, आणि तयार झालेल्यांनी पुढे गावोगावी शिकवायचे. यात जुने गुरुगृह आणि नवी शाळा यांची मोठी चतुर सांगड होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी याच परंपरेतून आली. 1908 साली मुंबईला शाळा निघाली. तिच्यासाठी मोठी इमारत उभारली, कर्ज झाले आणि पुढे त्या कर्जापायी ती इमारत हातची गेली. जलशांची तिकिटे खपवून इतका मोठा संसार पेलता येत नाही, हा धडा आजही संस्थाचालकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इमारत गेली, पण माणसे राहिली. 1931 साली बुवा वारले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि 1932 साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय उघडले. लाहोर पुढे फाळणीत पलीकडे गेले. पण तोवर त्या शाळेच्या शाखा दूरवर रुजल्या होत्या.

यातले मला सर्वांत नवल वाटते ते नारायण मोरेश्वर खरे यांचे. गांधीजींना आश्रमासाठी गाणारा माणूस हवा होता. बुवांनी आपला हा शिष्य साबरमतीला दिला. खरे यांनी आश्रमाची भजनावली सिद्ध केली आणि 1930 साली दांडीयात्रेत ते स्वतः चालले. पलुस्करांनी चाल लावलेली रामधून त्या वाटेवर गायली गेली. ज्यांनी जन्मात गाण्याच्या शाळेची पायरी चढली नाही, अशा असंख्य लोकांच्या तोंडी त्या शाळेतला स्वर गेला. विशारद किती झाले याची मोजदाद आपण ठेवतो. ह्या लोकांची मोजदाद कोण ठेवणार?

पण श्रोतेहो, या घरोघर शिरण्याची किंमतही कोणी तरी मोजली, आणि तिचा उच्चार आपल्याकडे फार चोरटेपणाने होतो. गाणे घरंदाज झाले याचा अर्थ ज्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या होते त्या घरांना बिनप्रतिष्ठित ठरवले गेले. कलावंतिणी, तवायफा आणि त्यांना शिकवणारे, साथ करणारे उस्ताद यांनी जे जपले, त्याच्याच आधारावर आपल्या मुलींचे वर्ग उभे राहिले; आणि त्या वर्गांत त्या बायकांना मात्र जागा नव्हती. केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या गायिकांनी आपल्या विद्येच्या जोरावर मान मिळवला, ही त्यांची थोरवी. त्यात शाळांचे श्रेय नाही. समाजाशी नाते जोडणे म्हणजे समाजातल्या कोणाशी, हा प्रश्न आजही प्रत्येक संगीतशाळेने स्वतःला विचारावा असा आहे. आपल्या गावातल्या शाळेत कोणत्या आळीतली मुले येतात आणि कोणत्या आळीतली येत नाहीत, हे कोणी तरी एकदा मोजून पाहावे.

आता आजचे सांगतो. भीती गेली, हे खरे. गाण्याच्या वर्गाबाहेर संध्याकाळी स्कूटरींची रांग लागते. पण वडील बाहेर स्कूटरवर आणि मूल आत, असा हा देखावा आहे. आत काय चालले आहे ते वडिलांना ठाऊक नसते, ते विचारतात एवढेच, "प्रवेशिकेला कधी बसवणार?" 2017 नंतर दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळण्याची सोय झाली. सोय चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण गुण पदरात पडले की तंबोऱ्याला गवसणी घातली जाते, हे शिक्षकांना विचारून पाहा. पलुस्करांनी परीक्षा आणली ती घराचा विश्वास मिळवण्यासाठी, घरात शिरण्याचे दार म्हणून. आम्ही दारातच बिऱ्हाड केले आहे.

माझ्या पाहण्यात एक छोटा वर्ग आहे. बाई महिन्यातून एका रविवारी आईवडिलांना, आजी-आजोबांना वर्गात सतरंजीवर बसवतात. मुलांचे 'कार्यक्रम' त्या दिवशी नसतात. नेहमीचाच पाठ चालतो. तोच पलटा पंधरा वेळा, चुकला की पुन्हा. पहिल्या खेपेला मंडळी कंटाळली. तिसऱ्या खेपेला एका आजोबांनी शेजारच्यांना हळूच सांगितले, "आता गंधार नीट लागला." त्यांच्या नातवाचा घरचा रियाज त्यानंतर सुधारला, कारण घरात ऐकणारा एक माणूस तयार झाला होता. बाई आणखी एक करतात. मूल नवे दाखल झाले की त्याच्या घरी एकदा जाऊन येतात आणि रियाजाला बसण्याची जागा पाहतात. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे दूरदर्शन संच चालू असताना आणि शेजारी भिंत ठोकत असताना सकाळी सहाचा खर्ज कसा भरायचा, हा सल्ला पुस्तकात मिळत नाही. एका घरी त्यांनी शेजाऱ्यांनाच चहाला बोलावून वेळ ठरवून घेतली.

मघाशी येताना एका गृहस्थांनी मला विचारले, "आमच्या घरात कोणालाच गाणे कळत नाही, मग आम्ही मुलीसाठी काय करायचे?" त्यांना मी सांगितले ते आपल्यालाही सांगतो. रोज पंधरा मिनिटे तिच्यासमोर बसावे, हातातला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि संपल्यावर तिला विचारावे, "आज यात नवीन काय आले?" तिने सांगितलेले कळले नाही तर पुन्हा विचारावे. समजावून सांगता सांगता तिचे तिलाच पुष्कळ कळेल.

अध्यक्षांचे घड्याळाकडे लक्ष गेलेले मी पाहिले आहे.