हात कुणावर बसवायचा?

तुमच्यापैकी अनेकांची किंवा तुमच्या घरातल्या कुणाची तरी अँजिओग्राफी झालेली असेल. मनगटात किंवा जांघेत सुई, सुईतून तार, तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी. स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 साली ही युक्ती प्रसिद्ध केली. कॅथलॅबमधलं काम आजही तिच्यावरच चालतं. डॉक्टरची नजर मात्र तुमच्याकडे नसते, पडद्याकडे असते. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे, पायाखाली क्ष-किरणांचं पेडल. रक्तवाहिनी वळणावळणाची, पण पडद्यावर दिसते तिची सपाट सावली. ही सांगड पुस्तक वाचून जमत नाही, त्यासाठी हात बसावा लागतो.

तो कुणावर बसवायचा? याचं जुनं उत्तर कुणी मोठ्याने बोलत नाही. बहुधा सार्वजनिक रुग्णालयातल्या, प्रश्न न विचारणाऱ्या पेशंटवर.

मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीत स्टेंट घालायची वेळ आली, तेव्हा हे उत्तर चालेना. महाधमनीच्या कमानीत कॅथेटर वेडावाकडा घासला तर भिंतीवरचा थर सुटून मेंदूत जाऊ शकतो. नवशिक्या हाताची किंमत म्हणजे अर्धांगवायू. म्हणून 2004 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा स्टेंटला मान्यता देताना डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची अट घातली आणि त्या प्रशिक्षणात सिम्युलेटरला जागा मिळाली.

सिम्युलेटरवर तारा, नळ्या खऱ्याच असतात, पण त्या शिरतात यंत्रात आणि पडद्यावरचं चित्र संगणक काढतो. बोटांना अडथळाही जाणवतो. खऱ्यासारखा नाही, अशी अनुभवी मंडळींची तक्रार असते, ती मला गौण वाटते. यंत्राचं खरं मोल त्याच्या नोंदीत आहे. किरण किती वेळ चालू होते, डाय किती गेला, कॅथेटर भिंतीला कुठे घासला. शेजारी उभ्या वरिष्ठाला हे सगळं टिपता येत नाही. टिपलं तरी पेशंट जागा असताना बोलणार कसं?

यंत्रावरचा सराव खऱ्या पेशंटवर उपयोगी पडतो का? येल विद्यापीठात 16 निवासी डॉक्टरांवर हे तपासलं गेलं आणि 2002 साली ते प्रसिद्ध झालं. तो प्रयोग दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा होता. तिथेही नजर पडद्यावरच. निम्म्यांना आधी यंत्रावर बसवलं, तेही तास मोजून नव्हे, तर तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत. शस्त्रक्रियेत त्यांनी 29 टक्के कमी वेळ घेतला. उरलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतंच भाजण्याची शक्यता पाचपट निघाली.

इथे सिम्युलेटरवर शिकणाऱ्या वैमानिकाचा दाखला हमखास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. एका बनावटीची विमानं सारखी असतात, माणसांच्या रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे काही सिम्युलेटरवर ज्याच्यावर उपचार करायचे त्याच पेशंटचा सीटी स्कॅन चढवून आदल्या दिवशी तालीम करता येते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही वैद्यकीय महाविद्यालयांना सरावासाठीची स्किल लॅब सक्तीची झाली आहे. जागा, साहित्य यांचे नियम करता येतात. पण किती चुकांना विद्यार्थ्याला परत सरावाला धाडायचं, ही रेघ शिकवणाऱ्यालाच आखावी लागते, आणि जो अलीकडे राहिला त्याला ‘अजून नाही’ हे तोंडावर सांगावं लागतं. मग तो कितीही हुशार असो, आणि त्या दिवशी युनिटमध्ये कितीही माणसं कमी असोत.