फिरतीवरच्या खेळगड्याचा लॅपटॉप



एक चूक सांगून सुरुवात करतो, कारण ती माझी स्वतःची आहे.

माझा पुतण्या यंत्रे बसवून देणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. काम फिरतीचे. पंधरा दिवस चाकणला, आठ दिवस वाळूजला, मग एकदम नागपूरकडे बुटीबोरीला. दीड-दोन महिन्यांनी कधी लातूरला घरी. दोन वर्षांपूर्वी त्याला लॅपटॉप घ्यायचा होता, आणि तो मुख्यतः गेम खेळण्यासाठी. हे त्याने लपवले नाही, ही गोष्ट मला आवडली. घरात मी शाळामास्तर, त्यातून विज्ञान शिकवणारा. तेव्हा निवड माझ्याकडे आली. दादांनी सोयाबीनच्या पैशातले ४० हजार पुढे केले, उरलेले पोराने हप्त्यांनी फेडायचे ठरले. आणि मी काय केले? दुकानात गेलो, सर्वांत मोठा पडदा पाहिला, कागदावरचे सर्वांत मोठे आकडे पाहिले आणि "हाच द्या" म्हणालो. ९२ हजार रुपये.

पहिल्याच खेपेला तो लातूरहून रात्रीच्या मुंबई गाडीने पुण्याला निघाला. गेम सुरू केला, आणि धाराशिव यायच्या आत बॅटरीने मान टाकली. मग त्याने डब्यातल्या चार्जिंग पॉइंटला चार्जर लावला. थोड्या वेळाने त्या बाजूचे सगळे पॉइंटच बंद पडले आणि खालच्या बर्थवरच्या आजोबांचा मोबाईल अर्धाच राहिला. आजोबा पुण्यापर्यंत बोलत होते म्हणे. महिन्याभराने घरी आला तो खांदा चोळतच. म्हणाला, "काका, ह्याला लॅपटॉप म्हणायचं की पाटा?" आम्ही शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केले. लॅपटॉप पावणेतीन किलो, चार्जर पाऊण किलो. साडेतीन किलोचे ओझे, शिवाय कपडे आणि हत्यारांची पेटी वेगळी.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मास्तर, नोकरीला लागलेल्या पोराला खेळ हवेतच कशाला? मीही तसेच म्हणत होतो. पण फिरतीच्या नोकरीत संध्याकाळी सातला काम सुटते आणि समोर लॉजची एक खोली असते. त्या रिकाम्या संध्याकाळी माणसाला कुठे कुठे नेतात, हे अशी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. आमच्याही पोराचे पाऊल एकदोनदा तिकडे वळले होते. त्याच्या शाळेतले चौघे मित्र. एक नाशिकला, एक शारजाला, एक गावातच शेती पाहतो. रात्री दहाला चौघे एका गेममध्ये जमतात. खेळता खेळता बोलतात, भांडतात, घरच्या गोष्टी निघतात. वहिनी म्हणतात, त्या तासात त्याचा आवाज घरच्यासारखा असतो. तेव्हा हा खेळ त्याला हवा होता, आणि मी घेऊन दिलेले यंत्र तो जिथे जात होता तिथे जाऊ शकत नव्हते. चूक ती हीच.

तर आता पारख कशी करावी ते सांगतो.

साध्या लॅपटॉपात आणि गेमच्या लॅपटॉपात मुख्य फरक म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रे सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने काढायची, हे त्याचे काम. दुकानात तुम्हाला त्या कार्डाचे नाव सांगतात, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. तुम्ही पाच हॉर्सपॉवरची मोटर विहिरीवर बसवली, पाटीवर पाच लिहिले आहे. पण लाइटच कमी दाबाने येत असेल तर ती पाचचे पाणी काढील का? तसेच हे. २०२३ साली एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड लॅपटॉपसाठी आले. ते ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्यांना आहे. नाव एकच. पातळ लॅपटॉपात त्याला थोडी वीज देतात, जाडजूड लॅपटॉपात पुष्कळ. त्यामुळे पन्नासेक वॉटवर रेंगाळणारे ४०६० आणि शंभर वॉटवर चालणारे धाकटे ४०५० यांची धाव जवळजवळ सारखी पडते. पैसे मात्र तुम्ही मोठ्या नावाचे मोजलेले असतात. म्हणून नाव विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारा, "ह्याला वॉट किती देतात?" हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा बारीक अक्षरात असतो. दुकानदाराला सांगता आला नाही तर घरी जाऊन शोधा, मग खरेदी करा.

पण प्रवाशाला कमी वॉट हे नेहमीच वाईट नाहीत बरं का. कमी वॉट म्हणजे कमी उष्णता, लहान चार्जर, हलके यंत्र. फक्त आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

चार्जरवरची चिठ्ठी वाचायला शिका. शिक्षकमंडळींनो, हे तर आठवी-नववीच्या वर्गात करून दाखवण्याजोगे गणित आहे. चिठ्ठीवर "आउटपुट" म्हणून दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर. त्यांचा गुणाकार केला की वॉट. आमच्या त्या पाट्याच्या चार्जरवर १९.५ आणि ११.८ असे होते; गुणाकार २३०. रेल्वेच्या डब्यातला पॉइंट मोबाईलसाठी आणि साध्या लॅपटॉपसाठी आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक डब्यांत तर तिथे ११० व्होल्टच असतात, आणि काही गाड्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच हे पॉइंट बंद ठेवतात. तिथे २३० वॉटचा चार्जर लावणे म्हणजे घरातल्या दिव्याच्या वायरीवर पिठाची गिरणी चालवणे. याउलट काही लॅपटॉप टाइप-सी च्या लहान चार्जरवरही चालतात. २० व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉट. त्यावर जड गेम पूर्ण जोराने चालणार नाही, पण हलका गेम, नकाशे आणि कामाचे कागद नक्की चालतात, आणि तो चार्जर मुठीत मावतो. फिरतीवरच्या माणसाने ही सोय आहे की नाही ते विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आता बॅटरी. तिच्यावर "वॉट-तास" असा आकडा असतो. ७३ वॉट-तासांची बॅटरी आणि यंत्र १०० वॉट खाते, तर पाऊण तासापेक्षाही कमी वेळात खेळ खलास. तेच गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रे सेकंदाला ४० किंवा ६० वर अडवली, पडद्याचा उजेड कमी केला आणि गेम हलका निवडला, तर यंत्र पस्तीसेक वॉटवर येते आणि दोन तास निघतात. त्यातून एक गोष्ट कोणी सांगत नाही. वायर काढली की ग्राफिक्स कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, बॅटरी तेवढी देऊ शकत नाही. तेव्हा जाहिरातीतला "आठ तास" हा आकडा सिनेमा पाहणाऱ्याचा समजा, खेळणाऱ्याचा नव्हे.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढेच, की १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी बिनबोभाट नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर मनाई. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक सामानात टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. पॉवर बँकेवर वॉट-तास लिहिलेले नसतील तर मिलीअँपिअर-तासांच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २० हजाराची बँक म्हणजे ७४.

उष्णतेबद्दल बोलायला हवे, कारण आपल्याकडे मे महिना असतो. बहुतेक गेमचे लॅपटॉप खालच्या बाजूने हवा ओढतात. गाडीत बर्थवर रेल्वेची चादर पसरून त्यावर लॅपटॉप ठेवला की आपण त्याचे नाक दाबतो. पंखे ओरडू लागतात, यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, खेळ अडखळतो आणि माणूस म्हणतो, कंपनीच खराब. खाली एक पातळ पाटी ठेवा. मुलांची लिहायची पॅडसुद्धा चालते. खेळताना डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर असतो. दुकानात गेम अर्धा तास चालवून नेमक्या त्याच कळा हाताला किती तापतात ते पाहा. आणि पंख्याचा आवाज ऐका. लॉजच्या खोलीत तो तुमचा तुम्ही सोसाल. रात्रीच्या डब्यात आठ माणसे सोसतात. धुळीच्या गावी राहणाऱ्याने वर्षातून एकदा जाणकाराकडून पंखे साफ करून घ्यावेत.

पडद्याबद्दल थोडक्यात. प्रवासाला १४ इंच पुरतो, १६ इंच हा शेवट. १७ इंची यंत्र टेबलावर शोभते. रॅम १६ जीबी घ्या. पातळ लॅपटॉपात ती अनेकदा पक्की डकवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही, म्हणून आधीच विचारा.

साठवणीचे मात्र जरा सविस्तर सांगतो. २०२३ सालच्या बाल्डर्स गेट ३ या गेमला १५० जीबी जागा लागते. ५१२ जीबीच्या लॅपटॉपात विंडोज आणि कामाच्या फाइली जाऊन जे उरते, त्यात असे दोन गेम कसेबसे मावतात. आणि तो उतरवायचा कशावर? दिवसाला २ जीबी देणाऱ्या मोबाईल रिचार्जवर ७५ दिवस लागतील. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी, जिथे फायबरची लाइन आहे तिथे बसून सगळे उतरवून घ्यावे. काही गेम नेटशिवाय चालतच नाहीत, व्हॅलोरंट त्यातलाच. गाडी लोणावळ्याच्या पुढे घाटातल्या बोगद्यांत शिरली की असा खेळ गेला. गाडीसाठी एकट्याने खेळायचे गेम ठेवावेत, आणि स्टीमवर ते घेतले असतील तर घरूनच त्याचा ऑफलाइन प्रकार एकदा चालवून पाहावा. आमच्या पोराने गाडीसाठी "राजी" ठेवला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली तो काढला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट आहे. मीही थोडा खेळून पाहिला. पहिल्याच राक्षसाने मला तीनदा लोळवले.

केवळ गेमच खेळायचे असतील आणि दुसरे काही काम नसेल, तर लॅपटॉप हवाच असेही नाही. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र २०२२ साली आले, त्याचे वजन ६६९ ग्रॅम. तशी इतर कंपन्यांचीही निघाली आहेत. पुतण्याला यंत्रांची ड्रॉइंगे उघडावी लागतात, म्हणून त्याला ते सोयीचे नव्हते.

पुढे काय झाले ते सांगतो. अकरा महिन्यांनी आम्ही तो पाटा ५८ हजाराला विकला. घेणारा गावातलाच त्याचा मित्र. टेबलावर बसून खेळतो आणि अगदी खूष आहे. यंत्र वाईट नव्हतेच. ३४ हजार गेले. दादा काही बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागले. दुसऱ्या वेळी पोराने स्वतः पाहून १४ इंची घेतला. कार्ड नावाने एक पायरी खालचे, ४०५०. वजन दीड किलो, बॅटरी ७३ वॉट-तास, टाइप-सी वर चालणारा. आदल्या वर्षीचे मॉडेल होते, तरी १ लाख ५ हजार पडले. म्हणजे जोर कमी आणि पैसे जास्त! मी तोंड उघडणार होतो, पण या वेळी गप्प बसलो. हलकेपणालाही किंमत असते, आणि ती घरी बसणाऱ्याने ठरवायची नसते.

त्याने घेतल्यावर एक शहाणपण केले, तेही सांगून ठेवतो. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे आधी विचारून घेतले. पहिल्याच संध्याकाळी एक तास वायर लावून आणि एक तास वायर काढून आपलाच गेम चालवला. मग चार्जरसकट सगळे बॅगेत भरले, बॅग खांद्याला लावली आणि लातूरच्या स्टेशनापासून बसस्थानकापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा खांदा चोळत नव्हता. बिल आणि हमीचा कागद वहिनींच्या कपाटात आहे. सध्या तो बुटीबोरीला असतो, आणि रात्री दहाला फोन केला तर उचलत नाही.